दोनशे बारा नंबरचा वरवंटा

१

"हा तो दगड नाही."

अभ्यासक बाईंनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाटलं, माझ्याकडून चुकून दुसराच ट्रे निघाला. मी चिठ्ठी पुन्हा वाचली. कप्पा चौदा, वस्तू दोनशे बारा, हातात धरायचा वरवंटा, काळा दगड, घासून घडवलेला. दगडाच्या पाठीवरही पांढऱ्या रंगात बारीक २१२ लिहिलेलं होतं.

"हाच आहे की," मी म्हणाले.

बाई दूरच्या विद्यापीठातून फक्त या एका दगडासाठी आल्या होत्या. त्यांनी संग्रहालयाचा चौतीस वर्षांपूर्वीचा सूचिग्रंथ उघडून माझ्यापुढे सरकवला. एका पानावर सहा दगडांचे फोटो होते, त्यातला चौथा दोनशे बारा. फोटोतल्या दगडाच्या अंगावर शर्टाच्या बटणाएवढी दोन टेंगळं होती, गुळगुळीत, उठून दिसणारी. माझ्या हातातल्या दगडाला त्याच जागी दोन खळगे होते.

"टेंगळं असलेला वरवंटा जगात फार थोड्या ठिकाणी मिळालाय," बाई म्हणाल्या. "खळगेवाले ढिगाने आहेत. वजन करता का जरा?"

उत्खननाच्या नोंदवहीत वजन होतं एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. काट्यावर आलं एक किलो तीनशे दोन. लांबी-रुंदी मात्र तंतोतंत जुळत होती. दगड कुणीतरी मापं घेऊन बदलला होता असाच त्याचा अर्थ, आणि तळघराच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या.

संचालकसाहेब खाली आले तेव्हा मी दगड तिसऱ्यांदा काट्यावर ठेवत होते. त्यांनी चष्मा पुसला, दगड पाहिला, फोटो पाहिला, पुन्हा चष्मा पुसला.

"परवा सकाळी विश्वस्तांची बैठक आहे," ते म्हणाले. "तुम्हाला कायम करण्याचा कागद त्याच बैठकीत जायचा होता. तोवर खरा दगड सापडला नाही, तर मला तो कागद बाजूला ठेवून पोलिसांना कळवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका, हे वाक्य माणसं नेमकं कधी बोलतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

२

घरी कुणाला काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण आमच्या सासूबाईंपुढे असले निश्चय टिकत नाहीत. त्या याच संग्रहालयात तीस वर्षं चित्रकार होत्या. दगडी हत्यारं शाईने कागदावर उतरवायची, हे त्यांचं काम. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झालाय, दुसऱ्याचं शस्त्रकर्म त्या 'पुढच्या महिन्यात' म्हणून दीड वर्ष टोलवतायत. तरी मी दारात चप्पल काढते त्यावरून माझा दिवस कसा गेला हे त्यांना कळतं.

"कोण काय बोललं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. सूचिग्रंथ सोबत आणला होता, तो जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे उघडला. त्या समोरच्या खुर्चीत बसून ताटं वाढत होत्या. वाढता वाढता त्यांनी पानाकडे नजर टाकली.

"चौथा ना? खळगे तर आहेत याला."

"खळगे नाहीत हो आई, टेंगळं आहेत. तेच तर दुखणं आहे."

"अगं, मला स्वच्छ खळगे दिसतायत."

"आणि मला टेंगळं दिसतायत."

नवरा शेजारी बसून गुपचूप जेवत होता. आमच्या दोघींच्या मध्ये पडायचं नाही, असा त्याने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कानाला खडा लावला आहे. मी विषय सोडून दिला. एक डोळा धूसर असलेल्या माणसाशी फोटोवरून काय भांडायचं?

"आणखी एक आहे," मी म्हणाले. "रुजू झाले तेव्हा मी पाचशे चाळीस दगड ताब्यात घेतल्याची सही केली. वजन-मापासह तपासून घेतले, असं त्या कागदावर लिहिलंय. मी एकाचंही वजन केलं नव्हतं आई. नुसते नंबर मोजले. दोन दिवसांत उरकलं. दगड माझ्या आधी बदललाय की नंतर, हे मला सांगताच येत नाही."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तीस वर्षं एकेका दगडाला तीन-तीन दिवस दिलेली बाई ती. पण त्यांनी फक्त माझं ताट माझ्याकडे सरकवलं.

"जेव आधी. माझा जुना पास कुठे ठेवलाय बघते. उद्या मी येते तुझ्याबरोबर."

३

आमच्या संग्रहालयात कुऱ्हाडींना वरच्या मजल्यावर काचेचं कपाट आहे, खाली मखमल आहे, दिवे आहेत. वरवंटे, पाटे आणि उखळं तळघरात. ज्या दगडांनी रोज माणसांची पोटं भरली त्यांना बघायला कुणी तिकीट काढत नाही, असा त्यामागचा विचार असावा.

"मला तीस वर्षांत चारशे कुऱ्हाडी काढायला लावल्या," तळघराचा जिना उतरताना सासूबाई म्हणाल्या. "वरवंटा एकही नाही. वरवंट्याचा फोटो पुरे, म्हणायचे."

ट्रे पुढे ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटून दगड हातात घेतला. अंगठा पहिल्या खळग्यात गेला, मधलं बोट दुसऱ्या. मग तो खाली ठेवून त्यांनी त्याच कप्प्यातले शेजारचे तीन दगड चाचपले आणि मला बोटं दाखवली. बोटांना तांबूस माती लागली होती.

"बाकीचे पारोसे आहेत," त्या म्हणाल्या. "याचीच आंघोळ झालीय. कुणी घातली?"

मला माहीत नव्हतं. हे दगड धुवायचेच नाहीत, असा नियम आहे. दळताना-कांडताना जे काही दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, ते हजारो वर्षं त्या मातीखाली टिकतं. अभ्यासक बाई त्यासाठीच तर आल्या होत्या.

पहिला संशय साहजिकच साचेवाल्यावर होता. विक्री दालनासाठी वस्तूंच्या नकला करणारा हा गडी, हातात कला आणि तोंडात सदा तक्रार. आम्ही त्याच्या खोलीत गेलो तेव्हा तो प्लॅस्टरच्या बारा कुऱ्हाडी रंगवत होता.

"आलात का?" तो माझ्याकडे बघून म्हणाला. "कालपासून वाटच बघतोय. नक्कल म्हटलं की साचेवाला! पण ताई, मी प्लॅस्टरचा माणूस. काळा दगड घासून असला वरवंटा करायला मला सहा महिने लागतील. आणि तो विकणार कुणाला? माझ्या कुऱ्हाडीच खपत नाहीत."

"दोनशे बाराचा साचा घेतला होतास कधी?" सासूबाईंनी विचारलं.

"घेतला होता. दोन वर्षं होतील." त्याने फळीवरून धूळ खाल्लेला एक प्लॅस्टरचा वरवंटा काढून दिला. "एकच काढला. साहेब म्हणाले, वरवंटा कोण विकत घेणार."

त्या प्लॅस्टरच्या वरवंट्यालाही दोन खळगे होते.

माझा जीव निम्मा भांड्यात पडला. दोन वर्षांपूर्वी मी इथे नव्हते. पण सासूबाईंचं समाधान झालं नव्हतं.

"दगड तुझ्याकडे आला तेव्हा त्यावर माती होती?"

साचेवाला घुटमळला. त्याने ब्रश पाण्यात बुडवला, काढला, पुन्हा बुडवला.

"मातीवर साचा नीट बसत नाही ताई. मी स्वच्छ करून मागितला होता. वरून, रसायनकाकांच्या खोलीतून."

४

रसायनकाका म्हणजे संग्रहालयातला सगळ्यात भला माणूस. वस्तूंना कीड-गंज लागू नये म्हणून झटणं हे त्यांचं काम. गंजलेल्या खिळ्याशीही ते आजारी पोराशी बोलावं तसं बोलतात. सासूबाईंना बघून त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, डोळ्याची चौकशी केली. दोनशे बाराचं नाव निघालं तसा मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्ही धुतलात?" सासूबाईंनी थेट विचारलं.

"मी?" काका म्हणाले. चहा आला, त्यावर साय धरली.

"ताई, चिठ्ठी उलटी पडली होती ट्रेमध्ये," ते शेवटी म्हणाले. "'धुऊ नये' मागच्या बाजूला लिहिलेलं. मी ते धुऊन झाल्यावर वाचलं. कुणाला सांगायचं म्हणून रोज सकाळी ठरवायचो आणि रोज संध्याकाळी तसाच घरी जायचो. दोन वर्षं झाली. काल ती बाई आल्यापासून घास गिळत नाहीये. या पोरीवर बालंट आलं आणि मी वर बसून होतो."

मला खरं म्हणजे संताप यायला हवा होता. पण दोन दिवसांत पाचशे चाळीस दगडांवर सही ठोकणारी मी, कुठल्या तोंडाने रागावणार?

"पाण्यात घालण्याआधी काय केलंत?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "आठवा. तुम्ही थेट पाण्यात घालणारे नव्हेत."

काका उठले. कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणातून त्यांनी फोटोच्या फिल्मची एक जुनी काळी डबी काढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. झाकणावर कागद चिकटवलेला होता: २१२, कोरडी, ब्रशने काढलेली.

"आमच्या गुरुजींची शिकवण," ते म्हणाले. "वस्तूवरून जे निघतं ते वस्तूचंच असतं. फेकायचं नाही. आधी कोरड्या ब्रशने कागदावर झाडून घेतली, मगच पाणी लावलं."

मी ती डबी उचलून काट्याकडे अक्षरशः पळाले. माती एका कोऱ्या कागदावर ओतली, कागदाचं वजन वजा केलं. छत्तीस ग्रॅम. एक किलो तीनशे दोन अधिक छत्तीस, म्हणजे एक किलो तीनशे अडतीस. उरलेले दोन ग्रॅम पाण्याबरोबर गेले असणार.

"आई, दगड तोच आहे!" मी ओरडले. "कुणी काही बदललेलंच नाही!"

मी तशीच धावत संचालकसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि सूचिग्रंथातला तो फोटो माझ्यापुढे धरला.

"वजन जुळलं, मान्य. पण मातीखालून टेंगळं निघून खळगे कसे पडले, ते सांगा."



५

त्या संध्याकाळीही आम्ही तशाच बसलो होतो. सूचिग्रंथ माझ्यापुढे, त्या समोर. ताटं रिकामी झाली तरी कुणी उठलं नव्हतं.

"टेंगळं," मी रडवेली होऊन म्हणाले. "कितीही वेळा बघा, टेंगळंच."

"आणि मला अजून खळगेच दिसतायत," त्या म्हणाल्या.

"डोळ्याचं शस्त्रकर्म करून घ्या आई एकदाचं."

बोलले आणि जीभ चावली. त्या रागावल्या नाहीत. पाण्याचा ग्लास ओठांशी नेला होता, तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

"उठ," त्या म्हणाल्या. "इकडे ये. माझ्या खुर्चीत बस."

मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या जागी बसले आणि पानाकडे बघितलं. तिकडून पान अर्थातच उलटं दिसत होतं, नंबर डोक्यावर उभे. आणि चौथ्या दगडाला दोन खळगे होते. स्वच्छ, खोल, गुळगुळीत खळगे.

मी परत माझ्या खुर्चीत गेले. टेंगळं. पुन्हा त्यांच्या खुर्चीत. खळगे. शेवटी नवराही उठला आणि टेबलाभोवती फिरू लागला. आम्हा दोघींचंही बरोबर आहे, असं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्याला छातीठोकपणे म्हणता आलं.

"आपल्या डोळ्यांना सवय असते, उजेड वरून येतो," सासूबाई सांगू लागल्या. "खळग्यावर वरून उजेड पडला की वरची कड काळी, खालची उजळ. टेंगळाचं उलट. आता तोच खळग्याचा फोटो उलटा धर. उजळ कड वर येते. डोळा म्हणतो, हे टेंगूळ. आम्ही चित्रकार म्हणूनच उजेड नेहमी वरून, डावीकडून धरतो. सगळ्यांनी एकाच बाजूने धरायचा, म्हणजे बघणाऱ्याची फसगत होत नाही."

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. पानावरच्या पाच दगडांची उजळ बाजू वर डावीकडे होती. एकट्या चौथ्याची खाली उजवीकडे.

"फोटो उलटा छापलाय!" मी म्हणाले. "पण असं कुणी केलं असेल?"

"अरुंद टोक वर," त्या हळूच म्हणाल्या. "कुऱ्हाडीचं अरुंद टोक नेहमी वर ठेवतात, धार खाली. कुऱ्हाडी लावून लावून हाताला सवय झालेल्या माणसाने हा वरवंटाही तसाच लावला."

मग त्यांनी ग्रंथाचं शेवटचं पान उघडलं, जिथे बारीक अक्षरात छापखान्याचा पत्ता वगैरे असतो. एक ओळ वाचली, ग्रंथ मिटला, आणि उठून आपल्या खोलीत निघून गेल्या.

६

शुक्रवारी सकाळी साहेबांच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. साहेब, अभ्यासक बाई, साचेवाला, रसायनकाका, सासूबाई आणि मी. टेबलाच्या मधोमध दगड, डबी आणि ग्रंथ.

काकांनी स्वतःहून सगळं सांगितलं. अभ्यासक बाईंनी धुतल्याचं ऐकून कपाळाला हात लावला, आणि डबीचं ऐकून तोच हात खाली घेऊन डबी आपल्याकडे ओढली.

"कोरडी झाडलीत? पाणी लागण्याआधी?" त्यांनी दोनदा विचारलं. काकांनी दोनदा मान हलवली.

मग सासूबाईंनी सगळ्यांना टेबलाभोवती फिरायला लावलं. साहेब एका बाजूने निघाले ते टेंगळं म्हणत, दुसऱ्या बाजूला पोचले ते खळगे म्हणत. साचेवाला तीन फेऱ्या मारून हसत सुटला. अभ्यासक बाई मात्र गंभीर झाल्या.

"मी या टेंगळांवर एक लेख लिहिलाय," त्या म्हणाल्या. "फक्त फोटोवरून. आता तो मागे घ्यायला हवा. ही मांडणी केली तरी कुणी?"

"त्या काळचे सगळे केव्हाच गेले," साहेब म्हणाले. "आता कुणाला विचारणार?"

"मला विचारा," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी शेवटचं पान उघडलं. छापखान्याच्या पत्त्याखाली एक ओळ होती: मांडणी, प्रशिक्षणार्थी चित्रकार.

"ती मी. नोकरीचा पहिला महिना होता. पाचशे चाळीस फोटो पंधरा दिवसांत चिकटवून द्यायचे होते. निम्मे मी दगड न बघताच चिकटवले. खाली तळघरात गेलेच नाही. नुसते नंबर जुळवले." त्या माझ्याकडे वळल्या. "परवा ही मला सांगत होती, नुसते नंबर मोजून सही केली म्हणून. मी ताट पुढे सरकवलं, बोलले काही नाही. मनात मात्र म्हटलं, आमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या वेळी अगदी असंच होतं, साहेब. हिला काढणार असाल तर आधी माझं निवृत्तिवेतन थांबवा."

मला रडू आवरेना. त्या रात्रभर जाग्या होत्या, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. त्यांनी गप्प बसून नुसता ग्रंथ फिरवून दाखवला असता, तरी माझी सुटका झाली असती. कुणी काही विचारलं नसतं.

साहेबांनी चष्मा पुसला. या वेळी जरा जास्तच वेळ.

"दगड सापडलाय," ते म्हणाले. "हरवलाच नव्हता म्हणून सापडलाय. कागद बैठकीत जाईल. पण एक अट आहे. तुमची ती जुनी सही मी खोडतोय. पाचशे चाळीस दगडांचं वजन करा, प्रत्येकाचं, आणि मगच पुन्हा सही करा."

७

सध्या मी तीनशे सातव्या दगडावर आहे. आतापर्यंत अकरा चुका सापडल्या, आणि प्रत्येक सापडली की मला भलताच आनंद होतो. साचेवाल्याने प्लॅस्टरचा वरवंटा विक्री दालनात ठेवला. तो खपत नाही, पण लोक खळग्यांत बोटं घालून बघतात. काकांच्या जेवणाच्या डब्याचा घमघमाट पुन्हा येऊ लागला, म्हणजे ते जेवू लागले.

अभ्यासक बाईंचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. डबीतल्या मातीत सूक्ष्मदर्शकाखाली पिठाचे कण दिसले. कुठल्यातरी रानटी गवताच्या बियांचे, कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी वाटलेल्या. टेंगळांपेक्षा हे कितीतरी मोठं आहे, असं त्यांनी लिहिलंय. नव्या लेखासाठी त्यांना दोनशे बाराचं चित्र हवं होतं, फोटो नको.

सासूबाईंनी दुसऱ्या डोळ्याचं शस्त्रकर्म करून घेतलं. पट्टी निघाल्यावर तीन आठवड्यांनी त्या तळघरात आल्या, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर कागद पसरला आणि चार दिवस बसून आयुष्यातला पहिला वरवंटा काढला. उजेड वरून, डावीकडून. दोन खळगे असे उतरलेत की बोट घालावंसं वाटतं.

काल त्यांनी ते चित्र माझ्यापुढे ठेवलं. सोबत सूचिग्रंथाच्या नव्या आवृत्तीचं कोरं पान आणि गोंदाची बाटली.

"मांडणी तू कर," त्या म्हणाल्या.

मी आधी कप्पा चौदा उघडला, दोनशे बारा बाहेर काढला आणि पानाशेजारी ठेवला. दगड बघितला, चित्र बघितलं, टेबलाला एक पुरा वळसा घातला आणि मगच गोंद लावला. कागदाचा दुसरा कोपरा सासूबाईंनी बोटाने दाबून धरला.